यादीत नसलेली खानावळ

सखारामची सोमवारी मुंबईला हायकोर्टात तारीख होती. पण निकाल काय लागेल यापेक्षा दुपारी जेवायचं कुठे, याचीच त्याला जास्त काळजी. म्हणून शनिवारी संध्याकाळी तो चारुदत्तांच्या पडवीत येऊन बसला.

चारुदत्तांनी चष्मा पुसला. कोर्टातून बाहेर पडल्यावर कुठल्या गल्लीत वळायचं, साडेबाराच्या आत कुठल्या खानावळीत पोचायचं, पंख्याखालचं टेबल कुठलं आणि त्याची डुगडुगणारी खुर्ची कुठली, हे सगळं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. रविवार असता तर अळूची भाजी मिळाली असती, असंही म्हणाले. सखारामने पाकिटाच्या पाठीवर टिपून घेतलं.

कोकण रेल्वे सुरू झाल्यापासून रत्नागिरीच्या त्यांच्या आळीतलं कुणी ना कुणी दर आठवड्याला मुंबई गाठायचं. दवाखाना असो की नोकरीची मुलाखत, निघण्याआधी चारुदत्तांना विचारायचं अशी पद्धतच पडून गेली होती. परत आलेला माणूस सांगायचा, अगदी तुम्ही म्हणालात तसंच होतं हो.

उमाताई माजघरात तांदूळ निवडत हे ऐकायच्या. आपला नवरा मुंबईला कधी गेलेलाच नाही, हे आळीत फक्त त्यांना ठाऊक होतं. सत्तावीस वर्षं चारुदत्तांची नोकरी अलोऱ्याला, कोयना प्रकल्पाच्या भांडारात. एका आड एक रविवारी ते घरी यायचे. मधला रविवार ड्यूटीचा. मग मुंबई पाहणार कधी?

एकदा त्यांनी विचारलंही होतं. तेव्हा चारुदत्त म्हणाले, "वाचतो ना मी." उमाताईंना ते पटलं. पुस्तकात तोंड खुपसून बसणारा माणूस. शिवाय प्रत्येक खानावळीतला त्यांना ठाऊक असलेला बेत तेवढा रविवारचाच. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, दुसरं काय.

त्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरणारा, चारचौघांत तोंड न उघडणारा हा माणूस. जन्मात लोकांनी त्यांचं ऐकलं असेल तर या एकाच बाबतीत. तेवढा मान त्यांना राहू दे, असं उमाताईंना वाटायचं.

लेक अवनी पुण्याहून मुंबईला राहायला आली तेव्हापासून या या म्हणत होती. चारुदत्त गुडघ्यांचं कारण सांगायचे. खरं कारण उमाताई ओळखून होत्या. पण नव्या जागेची वास्तुशांत ठरली आणि जाणं टळेना.

वास्तुशांत शनिवारी झाली. रविवारी जावई अपूर्व म्हणाला, आज घरी चूल नाही, बाबांच्या यादीतली एखादी खानावळ गाठायची. बाबा पुढे, आपण मागे. आता यांचं बिंग फुटणार, हे उमाताईंनी ओळखलं. जावयासमोर शोभा व्हायची.

दादरला उतरून चौघं चालू लागले. अपूर्व मजेत होता. बाबांचे केस अजून काळे आणि आईंचे पांढरे, बाबा मुंबईत शिकायला आलेत आणि आई त्यांना सोडायला, असं म्हणून त्याने अवनीला हसवलं. चारुदत्त हसले नाहीत. पाट्या वाचत ते सावकाश चालले होते, आणि एका वळणावर थांबलेच. पुढे जाईनात.

वाट चुकले, उमाताईंना वाटलं. त्यांनी झटकन इकडेतिकडे पाहिलं. समोरच पाटी होती : गोदूबाईंची खानावळ. नवऱ्याची सगळी यादी त्यांना तोंडपाठ होती आणि हे नाव तिच्यात कधीच आलं नव्हतं. जिथलं काही सांगितलंच नाही, तिथे चुकायचं तरी काय?

"माझे पाय दुखले," उमाताई म्हणाल्या. "मी इथेच जेवणार."

"इथे नको," चारुदत्त म्हणाले.

"का हो?"

"पुढे बरी आहे एक."

"पुढची राहू दे." त्यांनी आवाज खाली आणला. "चला. मी आहे ना."

दाराची चौकट ठेंगणी होती. अपूर्वचं कपाळ आपटलं. चारुदत्त आधीच वाकले होते.

बसल्यावर उमाताईंना हायसं वाटलं. ही काही बाबांना ठाऊक नाही हं, असं त्यांनी जावयाला आवर्जून सांगितलं. चारुदत्त पाण्याच्या पेल्याकडे बघत होते.

पदराला हात पुसत एक म्हातारी आली. तिने चारुदत्तांकडे निरखून पाहिलं आणि काही न विचारता डाळिंब्यांच्या उसळीची वाटी त्यांच्यासमोर ठेवली.

"किती वर्षांनी आलात, भाऊ," ती म्हणाली. मग उमाताईंच्या पांढऱ्या केसांकडे पाहून तिने मायेने हात जोडले. "आणि तुम्ही रत्नागिरीच्या थोरल्या ताई ना? आमच्या वहिनी नेहमी म्हणायच्या, एक रविवार माझा, नि एक यांच्या ताईंचा."