दुधीचं पथ्य

"हा कॅन्सर नाही, काका," डॉक्टर कागदावर पित्तनलिका काढून दाखवत म्हणाले. "नलिकेच्या आत कोंबासारख्या गाठी आल्यात. फार क्वचित दिसतात. राहू दिल्या, तर त्यांचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आत्ताच ऑपरेशन करू."

मुरलीधरपंतांनी सही न करताच संमतीच्या फॉर्मवर पेन ठेवून दिलं. 'हा कॅन्सर नाही' हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी थोरल्या बहिणीला, अक्काला, कॅन्सर झाला, तेव्हा डॉक्टरांना दाराआड पढवून त्यांनीच तिला ते ऐकवलं होतं. मग अक्का मागेल ते घरात शिजायचं. पथ्याचं नावही कुणी काढलं नाही. आज बायकोही डॉक्टरांना आधी एकटीच भेटून आली होती. सगळं संपलंच असेल, तर उगाच पोट कशाला फाडून घ्यायचं?

त्यांनी हळूच खडा टाकला. "शैला, जिलबी खावीशी वाटतेय गं. साजूक तुपातली."

"जिलबी? डोळे हळदीसारखे पिवळे झालेत, आणि म्हणे जिलबी!" ती तिथेच कडाडली. "ऑपरेशन होऊन धड बरे व्हा, मग बघू. तोवर उकडलेला दुधी!"

आयुष्यात पहिल्यांदाच दुधीचं नाव ऐकून पंतांचा चेहरा खुलला.

"सही कुठे करू, डॉक्टर?"