दोन हजार तीनशे अकरा

कामगार नवनाथ कंपनीतल्या प्रेस मशीनखाली चिरडून मेला, तेव्हा साहेबांच्या सांगण्यावरून सुपरवायझर हिंदुरावांनी लिहून दिलं होतं, "तो त्या दिवशी कामावर नव्हता."

आज चाकणच्या त्याच कंपनीत फायर ड्रिल होतं. हजेरीपटावर माणसं दोन हजार तीनशे दहा. मैदानात दहा-दहाच्या रांगा लावल्या, एक जण उरला. अकरा-अकराच्या लावल्या, तरी एक उरलाच. दर वेळी वेगळा, पण ओळखीचा.

"एक जास्त भरतोय, सर. दोन हजार तीनशे अकरा ही मूळ संख्या आहे," इंजिनियर तनुजा म्हणाली. "कशाही रांगा लावा, सारख्या होणार नाहीत."

हिंदुरावांनी इरेला पेटून दुपारपर्यंत एकेक नाव पुकारलं. सगळे हजर निघाले. त्यांनी हजेरीपट मिटला.

तेव्हा शेवटच्या रांगेमागून आवाज आला, "हजर हाय, भाऊ. त्या दिवशीबी व्हतो."