जुन्यावरूनच सुरू

वेगळं बिऱ्हाड थाटून दोन महिने झाले होते. हे घर नवऱ्याला आपलं वाटावं म्हणून तिने कपाटाच्या खणाखणावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आता त्याच्या रखडणाऱ्या कॉम्प्युटरची पाळी आली. सकाळपासून खपून तिने विंडोजसकट सगळं नव्या ड्राइव्हवर आणलं, आणि न जाणो लागला तर, म्हणून जुनाही आतच राहू दिला. तरी बटण दाबल्यावर कॉम्प्युटर पूर्वीसारखाच कण्हत-कुंथत उठला.

"सगळं नव्यावर आणलंस ना? मग याला झालंय काय?" नवऱ्याने चिडवलं.

तिने सेटिंग उघडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आलंय सगळं. पण उठल्यावर हा आधी जुन्याकडेच धावतो. नवा बिचारा शेजारी नुसता बसून."

"कमाल आहे. इतकं हलवलं तरी खोड जात नाही म्हणजे," म्हणत तो कपाटाकडे वळला. दोन खण उपसले, फोन स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "आई, माझे पांढरे मोजे कुठे असतात गं?"

तिने शांतपणे 'मोजे' लिहिलेला खण उघडला आणि फोनकडे वाकून म्हणाली, "आई, मोजे मी देते. पण आधी तुम्हालाच विचारायचं याचं सेटिंग कुठून बदलतात, तेवढं सांगा."

पलीकडून सासूबाईंचा सुस्कारा ऐकू आला.



"ते ठाऊक असतं, तर याच्या बाबांचं नसतं का गं बदललं?"