रोजची विचारपूस

हल्ली आई फोनवर 'तुला वेळच कुठे असतो' असं एकदाही म्हणेना, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. तिचं चॅट मी कधीचं म्यूट करून ठेवलं होतं. ते उघडलं, तर माझ्या नावाने तिला रोज सकाळ-संध्याकाळ लांबलचक मेसेज गेलेले. गुडघ्याला शेक घेतलास का, शेजारच्या काकूंशी अबोला मिटला का, डोळ्यांत औषध कोण घालतं. यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नव्हतं.

बायको लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोनाला चौकोन रेघेने जोडत बसली होती. कोडिंगचा गंध नसताना ती असे तयार चौकोन जोडून एआयची अ‍ॅप जुळवते.

"हे तुझेच उद्योग ना?"

"अजून कच्चं आहे ते अ‍ॅप, तुझ्या चॅटला जोडलंय. खऱ्या माणसावर चाचणी घ्यायची होती," ती मान वर न करता म्हणाली. "इतके दिवस तुझ्या लक्षात तरी आलं का?"

"आईला फसवतेस? आत्ताच्या आत्ता बंद कर ते."

तिने दोन चौकोनांमधली एक रेघ पुसली. झालं बंद.

मग मी स्वतः, जमेल तितक्या मायेने, आईला लिहिलं, 'कशी आहेस? काही हवंय का?'

बराच वेळ ती नुसतं टाइप करत असल्याचं दिसत राहिलं.



'कोण आहात तुम्ही? माझा मुलगा असं तुटक लिहीत नाही. त्याचा फोन तुमच्या हाती कसा लागला?'