राजाच्या मोजड्या

"स्टेजवर चढलं की मालक खाली आन् गडी बी खाली. वर फकस्त नाटक!" चंद्रभान गुरुजींनी हे दोन महिने तालमीत सगळ्यांकडून घोटून घेतलं होतं. म्हणून तर वालूरच्या जत्रेतल्या नाटकात त्यांनी अख्ख्या गावाशी भांडून राजा केला तो येडबाला. येडबा किशनरावांची मेंढरं राखायचा, पण आवाज असा की मैदानाच्या पार टोकाला चहा पिणारा माणूसही मान वळवायचा.

दुसऱ्या अंकात राजा प्रधानावर कडाडला आणि लोकांच्या अंगावर काटा आला. विंगेत पालथ्या डब्यावर बसून प्रॉम्प्टिंग करणारे गुरुजी मनाशी म्हणाले, नाटकानं गाव बदलतं ते असं.

तेवढ्यात किशनराव आले. सगळं मैदान उठून उभं राहिलं. सिंहासनावरचा राजाही उठला. त्यानं पायातल्या जरीच्या मोजड्या घाईघाईनं काढून बाजूला सारल्या आणि हात जोडून, मान खाली घालून उभा राहिला.

गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी मेहनत मातीत!

"आरं, राजा हायेस तू!" ते दातओठ खात विंगेतून कुजबुजले. "राजा कुनाच्या म्होरं उठत नसतो. बस! बस म्हनायलोय तुला!"

येडबानं हळूच विंगेतल्या रिकाम्या डब्याकडं पाहिलं.

"आदी तुमी बसा की गुरुजी," तो म्हणाला, "मंग मी बसतो."