ज्यूदोचा पहिला नियम

फ्रान्सिसचा दंड गळ्याखाली घट्ट बसला आणि दयारामला श्वास घेता येईना.

फ्रान्सिस अंगाने त्याच्या निम्मा. टपाल वाटत सायकलवर फिरणारा, वारा सुटला की सायकलसकट एका बाजूला जाणारा. दयाराम वसईकडच्या नंदाखाल गावचा वाडीवाला, केळीचा लोंगर एका हाताने उचलणारा. ऐन विशीत तो कुस्तीही खेळलेला. कुस्तीत पाठ टेकेपर्यंत कोणी सोडत नाही, आणि कोणी सोड म्हणत नाही. ज्यूदोचे तसे नव्हते. मुंबईला गोदीत नोकरी करता करता हे खूळ शिकून आलेल्या क्लेमेंट मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावले होते, असह्य झाले की खाली हात आपटायचा. आपटला की समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. त्यानंतरही धरून ठेवणाऱ्याने उद्यापासून वर्गाला यायचे नाही. दयाराम हा नियम इतरांच्या सोयीसाठी आहे असे धरून चालला होता.

"आपट हात, दयाराम! उगाच मरशील!" क्लेमेंट मास्तर ओरडले.

"तोंड बघा, तोंड! लोंगर पिकला!" भिंतीकडून गंगाराम म्हणाला.

एरवी दयाराम बेशुद्ध झाला असता, पण हरला नसता. पण आता डोळ्यांपुढे खरोखरच अंधारी आली. पेंढ्याने भरलेल्या गोणपाटांवर जुने शीड ताणून केलेल्या त्या गादीवर त्याने हात आपटला. फ्रान्सिसने तत्काळ सोडले. वर हात देऊन उठवले आणि त्याच्या पाठीवरचा पेंढा झटकला. हे झटकणे दयारामला गळ्यापेक्षा जास्त लागले.

कारण आजच भिंतीकडेने बायका बसल्या होत्या, आणि त्यांत त्याची मालन होती.

त्याने चोरून तिच्याकडे पाहिले. ती पापणी न हलवता बघत होती. दयारामचे कान तापले. लग्नापासून घरात त्याने जो दरारा थोडाथोडा करून जमवला होता, तो सगळा एका आपटण्यात उडाला, असे त्याला वाटले. नीट पाहिले असते तर कळले असते की मालनची नजर त्याच्यावर नव्हतीच. ती फ्रान्सिसच्या हातांकडे बघत होती.

बायकांना बोलावण्याची कल्पना अँजेलिनाबाईंची, मास्तरांच्या बहिणीची. गावातल्या मुली आता वालीवच्या कारखान्यांत जाऊ लागल्या होत्या, परतताना अंधार व्हायचा. कोणी हात धरला तर सोडवून घेता आला पाहिजे, असे बाईंचे म्हणणे. गावातल्या मोठ्यांनी बराच खल करून परवानगी दिली, पण एका अटीवर. सराव करताना परक्या पुरुषाने बाईला हात लावायचा नाही. धरायचे ते तिच्या घरच्या माणसानेच. या अटीने सगळ्यांची अब्रू राखली गेली आणि सगळे समाधानाने घरी गेले.

"चला, कोण येतंय पुढे?" अँजेलिनाबाई म्हणाल्या.

एकही बाई उठली नाही. दयारामने मात्र संधी हेरली. गेलेले परत मिळवायला यापेक्षा सोपा गडी कुठे मिळणार?

"आमची येईल," तो म्हणाला. "ऊठ गं."

मालन उठली. पदर खोचून गादीवर येऊन उभी राहिली.

"हे बघा वहिनी," मास्तर म्हणाले, "दयाराम मनगट धरेल. त्याच्या अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन हात काढायचा. नाहीच निघाला, दुखायला लागलं, तर खाली बसून हात आपटा. तो सोडेल."

"सोडतील?"

"सोडावंच लागतं. पहिला नियम आहे तो."

"कोणीही असलं तरी?"

"कोणीही असलं तरी."

मालनने मान हलवली. दयारामने बाह्या वर सारल्या, गंगारामकडे बघून मिशीत हसला आणि हात पुढे केला.

हात अजून वाटेतच होता, तेवढ्यात मालन मटकन खाली बसली आणि तिने गादीवर हात आपटला. एकदा नव्हे, धाडधाड आपटतच राहिली. शिडाखालून धुरळा उडाला.

भिंतीला टेकलेले सगळे हसत सुटले. "अरे वा रे पैलवान!" गंगाराम डोळे पुसत म्हणाला. "हात न लावता कुस्ती जिंकली!"

दयारामही हसला. दरारा व्याजासकट वसूल झाला होता. मग त्याचे लक्ष तिच्याकडे गेले. मालनने डोळे मिटून तोंड भिंतीकडे फिरवले होते, एक खांदा कानापर्यंत वर घेतला होता. हे बसणे या हॉलमध्ये एकट्या दयारामच्या ओळखीचे होते. त्याचे हसू जागच्या जागी वाळले. पुढे केलेला हात आता कुठे ठेवावा हे त्याला कळेना. हिने आता काही बोलू नये, एवढेच त्याला वाटत होते. नुसते उठून जागेवर जाऊन बसावे. घरी तो काय वाटेल ते कबूल करायला तयार होता.

मास्तर हसत हसत पुढे आले. "घाई केलीत, वहिनी. त्याने अजून धरलंय कुठे? धरू दे आधी, मग आपटा."

मालनने डोळे उघडले. तिला कोणाची फजिती करायची नव्हती. शिकायला आलेल्या माणसाला अडले की तो जसा विचारतो, तशा सरळ आवाजात तिने विचारले,

"पण मास्तर, एकदा धरल्यावर आपटायला माझा हात हे मोकळा ठेवतात कुठे?"