पाय पुरतात का

सकाळी पावणेदहाला बडनेऱ्यापुढे अकोला रस्त्यावर कारने एका सायकलस्वाराला उडवलं. कार शेखर चालवत होता. तो विमानाचा पायलट आहे. शेजारी बसलेली त्याची बहीण प्रतीक्षा अकोल्यात गाडी चालवायला शिकवते. "दादा, हळू," असं ती दोनदा म्हणाली होती.

"शंभरावर मले गाडी उभी असल्यावानी वाटते. पायलटले शिकवून राहिली का तू?" तो हसला होता.

बेशुद्ध सायकलस्वाराला रुग्णवाहिकेतून नेलं. मागच्या सीटवरून उतरलेले वडील, पंजाबराव, प्रतीक्षाला म्हणाले, "गाडी तू चालवत होती, असं सांगजो."

"बाबा, मायं लायसन जाईन. मंग मायाकडे कोण येईन शिकाले?"

"अन् त्याचं विमान बंद झालं तं?"

प्रतीक्षाने शेखरकडे पाहिलं. तो मोबाईल पाहत होता.

"सीट सहा फुटी माणसाच्या मापानं मागं हाये, बाबा. पोलिसायले दिसते ते."

पंजाबरावांनी चालकाच्या जागी बसून सीट पुढे ओढली आणि उतरून मायेने विचारलं, "बसून पाह्य बरं बेटा, पाय पुरतात का आता?"

दहा वाजून पाच मिनिटांनी पोलिसांची जीप आली, तेव्हा तिघंही रस्त्यावर उभी होती.